अचानक येणारे हिमवादळ आधी कसे ओळखावे? हौशी हवामान निरीक्षकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपग्रह, रडार आणि महासंगणक असतानाही हिमवादळ अचानक कसे येते?

संपूर्ण वादळच कोणाच्या नजरेतून सुटले, असे आता क्वचित घडते. मार्च १९९३ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागाला झोडपणाऱ्या महाकाय वादळाचा अंदाज कित्येक दिवस आधी दिला गेला होता. चूक होते ती बारीक गोष्टींत: वादळाचा मार्ग शंभर किलोमीटर इकडे की तिकडे, जमिनीलगतचे तापमान शून्याच्या एक अंश वर की खाली, पर्जन्याचा जोर किती. पावसाच्या बाबतीत एवढ्या फरकाने फारसे बिघडत नाही. बर्फाच्या बाबतीत त्याच फरकाने ओला रस्ता आणि तीस सेंटिमीटरचा थर यांतले अंतर ठरते.

२४-२५ जानेवारी २०००चे वादळ हे याचे अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. आदल्या दिवशीपर्यंत मॉडेल, म्हणजे हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकी आज्ञावल्या, वादळाला समुद्रावर दूर ठेवत होती. प्रत्यक्षात ते किनाऱ्याला धरून वर सरकले आणि अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या रॅले-डरहॅम विमानतळावर २०.३ इंच, म्हणजे ५१ सेंटिमीटरहून जास्त बर्फ पडला. वादळ आकार घेत असताना दक्षिणेकडच्या राज्यांत जो पाऊस पडत होता, तो मॉडेलनी नीट पकडला नव्हता. त्या पावसात मोकळ्या झालेल्या उष्णतेने पुढची सगळी मांडणी बदलली. रडारवर मात्र तो पाऊस दिसत होता. या पानावरच्या बहुतेक उत्तरांचा रोख इथेच आहे: शेवटच्या बारा-अठरा तासांत मॉडेल काय म्हणते यापेक्षा प्रत्यक्षात काय घडते आहे ते पाहा, आणि दोन्ही जुळतात का ते तपासा.

सात दिवस आधीच्या नकाशात काय शोधायचे?

बर्फ शोधू नका. ५०० हेक्टोपास्कलच्या नकाशावर (हेक्टोपास्कल हे हवेच्या दाबाचे एकक; ही पातळी जमिनीपासून बरीच उंच असते) थंड हवेचा साठा कुठे आहे, द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, कुठे खोल होते आहे आणि थंड हवा तुमच्याकडे टिकवून धरणारा उच्च दाब योग्य जागी आहे का, एवढे पाहा. उच्च दाब सरकून गेला असेल तर वादळ स्वतःबरोबर उबदार हवा ओढून आणते आणि सुरुवातीला पडणारा बर्फ पुढे पावसात बदलतो. सात दिवसांवर "परिस्थिती अनुकूल" यापलीकडे काही बोलता येत नाही.

एन्सेम्बलचे इतके सदस्य असतात, त्यांचे करायचे काय?

एन्सेम्बल म्हणजे एकाच मॉडेलच्या अनेक धावांचा संच, आणि त्यातली प्रत्येक धाव म्हणजे एक सदस्य. युरोपीय हवामान केंद्राच्या एन्सेम्बलमध्ये ५० सदस्य आणि १ नियंत्रण धाव (बदल न केलेली) असते, अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलच्या जीईएफएस या एन्सेम्बलमध्ये ३० आणि १. सुरुवातीच्या परिस्थितीत किंचित बदल करून तेच वादळ पुन्हा पुन्हा चालवलेले असते. नवखा माणूस सरळ सरासरीचा नकाशा उघडतो. चाळीस सदस्यांनी वादळ समुद्रात नेले आणि अकरांनी किनाऱ्याला लावले, तर सरासरीत एक पुसट, निरुपद्रवी कमी दाब दिसतो. अचानक येणारे वादळ त्या अकरांत दडलेले असते.

म्हणून प्रत्येक सदस्याचे कमी दाबाचे केंद्र वेगळ्या ठिपक्याने दाखवणारा नकाशा उघडा. ठिपके एका बाजूला लांबलेले असतील तर ती बाजू वहीत नोंदवा. ५१ पैकी १० ठिपके तुमच्याकडे झुकलेले असतील तर साधारण वीस टक्के शक्यता हाताशी आहे असे धरा आणि पुढच्या धावेत ते १४ झाले की ७, ते बघा. एका धावेतल्या उडीवर विश्वास नको. सलग तीन-चार धावा एकाच दिशेने सरकत असतील तर लक्ष द्यायलाच हवे. धावा मोजताना वेळ ध्यानात ठेवा: जीएफएस रोज चार वेळा (००, ०६, १२, १८ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार) चालते. वरच्या हवेची निरीक्षणे देणारे हवामान फुगे मुख्यतः ०० आणि १२ यूटीसीला सोडतात.

अॅपवर "४५ सेंमी बर्फ" दाखवणारा रंगीत नकाशा येतो. तो खरा मानायचा का?

नाही. असे बरेच नकाशे अंदाजित पाण्याला सरळ दहाने गुणतात: १० मिमी पाणी म्हणजे १० सेंमी बर्फ. प्रत्यक्षात ओल्या, जड बर्फाच्या थराचे त्यातल्या पाण्याशी गुणोत्तर पाचास एक असू शकते, आणि कडक थंडीतल्या भुसभुशीत बर्फाचे विसास एक किंवा त्याहून जास्त. शिवाय काही नकाशे बर्फाच्या गोळ्यांसारखा पडणारा स्लीटही बर्फातच मोजतात. स्लीटचा थर फार तर दोन-तीनास एक भरतो, त्यामुळे तिथे आकडा चौपट फुगतो.

त्याऐवजी तीन गोष्टी वेगळ्या काढा: एकूण पाणी किती मिमी, त्यातले बर्फाच्या रूपात किती तास, आणि गुणोत्तर काय. गुणोत्तराचा सर्वांत उपयोगी सुगावा म्हणजे ढगातला उणे १२ ते उणे १८ अंशांचा थर. फांद्याफांद्यांचे हिमकण याच थरात झपाट्याने वाढतात. हवेचे जोरदार उचलणे नेमके त्याच थरात असेल आणि तो थर जाड व दमट असेल, तर मॉडेलच्या पाण्यातून अपेक्षेपेक्षा खूप जास्त बर्फ तयार होतो. जपानी शास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमकण वाढवला आणि कणाचा आकार तापमान व आर्द्रतेवर ठरतो हे दाखवून दिले.

बाहेर ४ अंश आहे. बर्फ पडणार नाही ना?

पडू शकतो, आणि "अचानक" म्हणवल्या जाणाऱ्या कित्येक बर्फवृष्ट्यांची सुरुवात अशीच होते. पाहायचे असते ते वेट-बल्ब तापमान. कोरड्या हवेतून पाऊस किंवा बर्फ पडू लागला की काही भागाची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २५ लाख ज्यूल लागतात, एक किलो बर्फ वितळायला ३.३४ लाख. म्हणजे बाष्पीभवन वितळण्यापेक्षा सातपटीहून जास्त थंडावा देते. या प्रक्रियेत हवा जिथवर थंड होऊ शकते ती मर्यादा म्हणजे वेट-बल्ब.

तोंडी हिशेब सोपा आहे. तापमानातून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन जमू लागते तो) वजा करा, आलेल्या फरकाचा तिसरा हिस्सा तापमानातून वजा करा. शून्याच्या आसपास ही पद्धत चांगली चालते.

तापमान ४, दवबिंदू उणे ८. फरक १२, तिसरा हिस्सा ४. वेट-बल्ब शून्य. सुरुवातीचे थेंब पडले की तास-दोन तासांत पारा शून्याकडे घसरेल आणि बर्फ सुरू होईल.

तापमान २, दवबिंदूही २. फरक शून्य. हवेला बाष्पीभवनाने आणखी थंड व्हायला जागाच नाही, पाऊसच पडत राहील.

म्हणजे ४ अंशांची कोरडी संध्याकाळ २ अंशांच्या धुकट संध्याकाळपेक्षा बर्फाला जास्त जवळ असते. ढोबळमानाने वेट-बल्ब ०.५च्या खाली असेल तर बर्फ, १.५च्या वर असेल तर पाऊस, अधेमधे मिश्रण. वारा कुठून येतो तेही पाहा. समुद्रावरून दमट वारा सतत येत असेल तर दवबिंदू चढत जातो आणि सकाळी केलेला हिशेब संध्याकाळी लागू राहत नाही. दवबिंदू दर तासाला लिहून काढा.

वितळण्यामुळेही हवा थंड होते का?

होते, आणि जोराच्या पर्जन्यात पावसाचा एकाएकी बर्फ होण्याचे कारण बहुधा हेच असते. १० मिमी पाण्याएवढा बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढ्याने ५०० मीटर जाडीचा हवेचा थर साधारण ५ अंशांनी थंड होऊ शकतो. अट एकच: वारा उबदार हवा आणून ही घट भरून काढत नसावा. वारा मंद आणि दरी बंदिस्त असेल तर हिमरेषा (जिच्या वर बर्फ आणि खाली पाऊस पडतो ती उंची) तास-दीड तासात शेकडो मीटर खाली उतरते. रिमझिम असेल तर हे घडत नाही. म्हणून तापमान काठावर असताना "किती जोराने पडेल?" हा प्रश्न "किती अंश असेल?" इतकाच महत्त्वाचा असतो.

साउंडिंग वाचता आले नाही तर चालेल का?

साउंडिंग म्हणजे हवामान फुग्याने मोजलेली, उंचीनुसार तापमान आणि दवबिंदूची नोंद. ती वाचता आली नाही तरी चालेल, पण शिकून घ्या, फारसे अवघड नाही. ती दाखवणाऱ्या स्क्यू-टी आलेखात उजवीकडची रेघ तापमानाची, डावीकडची दवबिंदूची. वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जगभरच्या फुग्यांची निरीक्षणे मिळतात. तीन गोष्टी बघा.

पहिली, वर कुठे तापमान शून्याच्या उजवीकडे जाते का. जमिनीपासून एक-दोन किलोमीटरवर उबदार थराचे असे नाक पुढे आलेले असेल तर त्यातले कमाल तापमान वाचा. १ अंशाच्या आत असेल तर हिमकण बहुतेक वाचतात. १ ते ३ असेल तर अर्धवट वितळून खाली पुन्हा गोठतात, म्हणजे स्लीट. ३च्या वर पूर्ण वितळतात, आणि जमिनीलगतची हवा शून्याखाली असेल तर गोठणारा पाऊस पडतो. जमिनीवरचा तापमापक या तिन्ही वेळी उणे १च दाखवेल. हिमवादळाची वाट पाहत असताना तारा आणि फांद्यांवर काचेसारखे बर्फ चढते, ते या नाकामुळे.

दुसरी, ढगाचा माथा किती थंड आहे. उणे ८ ते उणे १०पेक्षा उबदार माथ्याच्या ढगात बर्फाचे स्फटिक फारसे तयारच होत नाहीत, अतिशीत, म्हणजे शून्याखालीही न गोठलेल्या, थेंबांची भुरभुर पडते. तिसरी, खालच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये दोन्ही रेघांतले अंतर. ते मोठे असेल तर सुरुवातीचा बर्फ हवेतच जिरतो.

"५४०ची रेषा" अजून उपयोगी आहे का?

१००० ते ५०० हेक्टोपास्कलमधल्या थराची जाडी ५४० डेकामीटर, म्हणजे ५४०० मीटर, ही जुनी खूण आहे. पहिल्या नजरेपुरती ठीक. इतक्या जाड थराच्या सरासरीत उबदार नाक लपून जाते. ८५० हेक्टोपास्कलची शून्य अंश रेषा तिच्यापेक्षा बरी, पण नाक कधी कधी ८५० आणि ७००च्या मध्येही असते. साउंडिंगला पर्याय नाही.

रडारवर माझ्या डोक्यावर बर्फ दिसतो, खिडकीबाहेर काहीच नाही. आणि कधी याच्या उलट?

पहिल्या प्रकाराला व्हर्गा म्हणतात: कण वरच्या थरात पडत आहेत, पण कोरड्या थरात विरून जात आहेत. कंटाळून निरीक्षण बंद करू नका. याच काळात खालचा थर थंड आणि दमट होत असतो. ढगाचा तळ खाली येऊ लागला आणि दवबिंदू वेगाने चढू लागला की जमिनीवर बर्फ पोचायला फार वेळ उरत नाही.

उलट प्रकाराचे कारण भूमिती. रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळते. अर्ध्या अंशाच्या झोताचा मध्य १०० किलोमीटरवर सुमारे १.५ किलोमीटर उंच असतो, १५० किलोमीटरवर सुमारे २.६ किलोमीटर. उथळ ढगांतला बर्फ त्याखालून निसटतो. तुमचे गाव रडारपासून दूर असेल तर "रडार स्वच्छ आहे" या वाक्याला फार किंमत देऊ नका, जवळच्या केंद्रांची दर तासाची निरीक्षणे पाहा.

आणखी एक फसवणूक: वितळू लागलेला, पाण्याने माखलेला हिमकण रडारला प्रचंड मोठा थेंब वाटतो. नकाशावर लालसर कडे दिसते आणि जोराचे पर्जन्य असल्याचा भास होतो. दुहेरी ध्रुवीकरणाचे (आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडणारे) रडार उपलब्ध असेल तर सहसंबंध गुणांक, म्हणजे झोतातले कण कितपत एकसारखे आहेत ते सांगणारा आकडा, उघडा. निव्वळ पावसात किंवा निव्वळ बर्फात तो ०.९८च्या आसपास असतो, वितळण्याच्या थरात ०.९५च्या खाली घसरतो. घसरलेल्या आकड्यांचे हे कडे रडारकडे आक्रसत चालले असेल तर वितळण्याचा थर खाली येतो आहे.

घरी कोणती उपकरणे हवीत, आणि ती बरोबर आहेत हे कसे तपासायचे?

तापमान-आर्द्रतेचा संवेदक, दाबमापक, हिमफळी, मोजपट्टी, पर्जन्यमापक. एवढे पुरे. संवेदक जमिनीपासून दीड मीटरवर, हवेशीर झडपांच्या पांढऱ्या पेटीत, भिंतीपासून लांब. भिंत रात्रभर उष्णता सोडते आणि एखादा अंश सहज वाढवते. काठावरच्या वादळात तेवढ्यानेच घात होतो.

तापमापक तपासायला बर्फाचा बारीक चुरा घ्या, तो जेमतेम भिजेल एवढेच शुद्ध पाणी घाला, ढवळा, जलरोधक संवेदक मधोमध धरून दहा मिनिटांनी वाचा. शून्य यायला हवे. ०.४ आले तर तो फरक पेटीवर चिकटवून ठेवा आणि प्रत्येक वाचनातून वजा करा. पाणी जास्त झाले तर तळाशी उबदार पाणी साचून चुकीचे वाचन येते.

आर्द्रतेसाठी मिठाची चाचणी: लहान झाकणात साधे मीठ, त्यावर ओल्या वाळूसारखे होईल इतपत पाणी. झाकण आणि संवेदक हवाबंद पिशवीत शेजारी शेजारी, दहा-बारा तास, खोलीच्या तापमानाला. आकडा ७५ टक्के हवा. मीठ पूर्ण विरघळले असेल तर चाचणी बाद. हे कष्ट का घ्यायचे? ४ अंशांवर आर्द्रता ४८ऐवजी ५३ टक्के वाचली गेली तर दवबिंदू १.३ अंशांनी आणि वेट-बल्ब सुमारे ०.४ अंशाने चुकतो.

दाब किती वेगाने घसरला तर सावध व्हायचे?

तीन तासांत ३ हेक्टोपास्कल किंवा जास्त घसरण ही दखल घेण्याजोगी. पण नुसत्या आकड्यापेक्षा तुलना जास्त शिकवते. मॉडेलने दुपारी तीनसाठी १००८ सांगितले होते आणि आसपासची सगळी केंद्रे १००५ दाखवत असतील, तर वादळ अंदाजापेक्षा खोल आहे किंवा जवळ आहे. तुलना करताना समुद्रसपाटीचा दाबच घ्या. जमिनीलगत दर ८ मीटर उंचीला साधारण १ हेक्टोपास्कल कमी होतो, त्यामुळे उंचीची दुरुस्ती चुकली की निष्कर्षही चुकतो.

सोबत वाऱ्याची दिशा लिहा. उत्तर गोलार्धात वारा पूर्वेकडून ईशान्येकडे आणि मग उत्तरेकडे वळत असेल तर केंद्र तुमच्या दक्षिणेकडून जात आहे, तुम्ही थंड बाजूला आहात. पूर्वेकडून दक्षिणेकडे वळला तर उबदार बाजूला. सर्वाधिक बर्फ बहुधा केंद्राच्या मार्गाच्या डावीकडे, १०० ते ३०० किलोमीटरवर पडतो. दक्षिण गोलार्धात हे सगळे उलट.

शेजारच्या गावात ४० सेंमी आणि आमच्याकडे १०. असे का?

अरुंद पट्ट्यांमुळे. वादळाच्या थंड बाजूला वरच्या थरांत तापमानाचा उतार तीव्र होतो तिथे हवा चिंचोळ्या पट्टीत जोराने वर उचलली जाते. अशा पट्ट्यात तासाला ५ सेंमी बर्फ पडू शकतो, कधी विजाही चमकतात. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना हवा खाली बसते, म्हणून तिथे अपेक्षेपेक्षा कमी. ७०० हेक्टोपास्कलवर फ्रंटोजेनेसिसचा, म्हणजे तापमानाचा हा उतार कुठे तीव्र होतो आहे त्याचा, नकाशा पाहून पट्टा कोणत्या भागात बनेल याचा अंदाज बांधता येतो. नेमके गाव मात्र रडारवर पट्टा बनल्यावरच कळते.

वादळाची कडही अशीच धारदार असते. २६-२७ जानेवारी २०१५ला न्यूयॉर्क शहरासाठी ५० ते ७५ सेंमीचा अंदाज होता. सेंट्रल पार्कमध्ये सुमारे २५ सेंमी पडला आणि त्याच वादळात लाँग आयलंडवर इस्लिपला ६० सेंमीहून जास्त. तुम्ही कडेजवळ असाल तर एकच आकडा सांगणे चूक आहे.

कमी दाब नाही, वादळ नाही, तरी मोठ्या सरोवराकाठी बर्फ का कोसळतो?

उघड्या, अजून न गोठलेल्या पाण्यावरून थंड हवा वाहते म्हणून. पाण्याचे पृष्ठतापमान आणि ८५० हेक्टोपास्कलचे तापमान यांत १३ अंश किंवा जास्त फरक, पाण्यावरून वाऱ्याची लांब धाव, आणि खालच्या दीड-दोन किलोमीटरमध्ये वाऱ्याची दिशा ३० अंशांपेक्षा कमी बदलणारी, हे तिन्ही जुळले की एकच घट्ट पट्टा तयार होतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत ईरी सरोवराकाठच्या बफेलो शहराच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत दीड मीटरहून जास्त बर्फ साचला, शहराच्या उत्तर भागात काही सेंटिमीटरच. वाऱ्याची दिशा दहा अंशांनी बदलली तरी पट्टा दुसऱ्याच गावावर जातो.

जमीन उबदार आहे, बर्फ साचेल का?

तासाला अर्धा सेंमी पडत असेल तर रस्त्यावर वितळेल, गवतावर टिकेल. तासाला २-३ सेंमी पडू लागला की उबदार जमीनही फार काळ तग धरत नाही. "जमीन उबदार आहे" एवढ्यावर धोका नाही असे ठरवू नका.

शेवटच्या बारा तासांत नेमके काय करायचे?

दर तासाला तापमान, दवबिंदू, वेट-बल्ब, दाब, वारा यांची एक ओळ लिहा. वारा जिकडून येतो त्या बाजूला ५०, १०० आणि २०० किलोमीटरवरची तीन केंद्रे निवडून ठेवा. तिथे बर्फ मॉडेलच्या वेळेआधी सुरू झाला का, पावसाऐवजी बर्फ पडतो आहे का, ते पाहा. २०० किलोमीटरवरच्या केंद्रात वेट-बल्ब मॉडेलपेक्षा १ अंश कमी असेल तर ती बातमी तुमच्यापर्यंत पोचायला चार-सहा तास आहेत.

पडू लागला की गडद रंगाच्या, बाहेर ठेवून थंड केलेल्या कापडावर कण झेला आणि भिंगातून पाहा. सुया दिसल्या तर वाढ उणे ५च्या आसपास होते आहे, थर हळू चढेल. मोठ्या फांद्यांचे तारे दिसले तर उणे १५चा थर कामाला लागला आहे, अंदाज वाढवा. पांढऱ्या साबुदाण्यासारखे अपारदर्शक गोळे म्हणजे ढगात अतिशीत पाणी भरपूर आहे, गुणोत्तर कमी धरा. कडांवर पाणी चमकू लागले तर वर उबदार हवा शिरते आहे.

पडलेला बर्फ मोजायचा कसा?

४० × ४० सेंमीची, पांढरा रंग दिलेली प्लायवूडची फळी मोकळ्या पण वाऱ्यापासून आडोसा असलेल्या जागी ठेवा आणि जवळ उंच काठी रोवा, नाहीतर ती सापडत नाही. मोजून झाले की फळी साफ करा, पण सहा तासांतून एकदाच. दर तासाला साफ करून बेरीज केली तर बर्फाला स्वतःच्या भाराने दबायला वेळ मिळत नाही आणि एकूण आकडा फुगतो. वाऱ्याने ढीग झाले असतील तर दहा ठिकाणी मोजून सरासरी घ्या.

पाण्याचा हिशेब हवाच. पर्जन्यमापकाचे नरसाळे काढून नुसते बाहेरचे नळकांडे ठेवा. त्यात मोजून कोमट पाणी घाला, बर्फ वितळवा, एकूण मोजा आणि घातलेले पाणी वजा करा. जोराच्या वाऱ्यात नळकांड्यात बराच कमी बर्फ पडतो. अशा वेळी तेच नळकांडे फळीवरच्या बर्फात उलटे दाबून गोल तुकडा कापा आणि तो वितळवा.

शेजारी आणि नातेवाईक विचारतात, "किती पडणार?" काय सांगावे?

पल्ला आणि कारण सांगा: "बहुधा ५ ते १०, पण पाचात एक शक्यता २५ची आहे, रात्री नऊला कळेल." नऊ वाजता काय पाहून ठरवणार तेही सांगा. धोक्याचा इशारा, रस्ते बंद, प्रवास टाळा, हे अधिकृत हवामान विभागाच्या सूचनेप्रमाणेच पुढे पाठवा, त्यात स्वतःचे आकडे मिसळू नका. सर्वांत भडक मॉडेलचा नकाशा एकटा पाठवणे तर अजिबात नको. तो फिरत फिरत अंदाज बनतो आणि पुढच्या खऱ्या इशाऱ्यावरचा लोकांचा विश्वास उडतो.

वादळ ओसरल्यावर काय तपासायचे?

आधी लिहिलेला अंदाज आणि मोजलेले आकडे तीन रकान्यांत मांडा: पाणी, बर्फाचे तास, गुणोत्तर. एकूण सेंटिमीटर जुळले म्हणून खूश होऊ नका. पाणी निम्मे आणि गुणोत्तर दुप्पट आले तरी बेरीज तीच येते. पाणी चुकले असेल तर मार्ग किंवा पट्टे तपासा, तास चुकले असतील तर वेट-बल्ब आणि उबदार नाक, गुणोत्तर चुकले असेल तर उणे १२ ते उणे १८चा थर. साउंडिंगचे आणि एन्सेम्बलचे नकाशे वादळ चालू असतानाच साठवून ठेवा, कारण एन्सेम्बलचे जुने नकाशे बहुतेक संकेतस्थळांवरून काही दिवसांत काढले जातात.